बघणारी माती

पुतळे करणाऱ्या माणसाला तीन शत्रू असतात: ऊन, पाऊस आणि मयताचे नातेवाईक. पहिल्या दोघांवर ब्राँझचा उपाय चालतो. तिसऱ्यावर उतारा अजून निघालेला नाही. तो निघाला असं समजून एकदा काय गोंधळ झाला, त्याचीच ही गोष्ट.

कोल्हापूरच्या रिंगरोडला निवास कुंभारांचं पत्र्याचं मोठं शेड होतं. तीस वर्षांत त्यांनी एकशे बारा पुतळे केले होते, त्यांतले चार तर घोड्यावरचे. धंद्याची रीत ठरलेली. आधी लोखंडी सांगाड्यावर मातीचा पुतळा उभा करायचा. मग गावची कमिटी गाड्या भरून येणार, चहा पिणार आणि 'मॉडेल पास' करणार. पास करणं म्हणजे प्रत्येकानं पुतळ्याच्या नाकाशी बोट नेऊन एकेक खोड काढायची. एकदा एका कमिटीनं सकाळी वर घ्यायला लावलेलं नाक दुपारी खाली घ्यायला लावलं, आणि संध्याकाळी पहिल्याच जागी परत आलेल्या नाकावर सगळ्यांनी खुशीत सह्या केल्या. तेव्हापासून निवासराव मुद्दामच नाक थोडं चुकवून ठेवत. खोड काढायला एक जागा ठेवली की बाकीचा चेहरा वाचतो, असा त्यांचा अनुभव होता.

पण २०४१ साल उजाडेपर्यंत भानगड नाकाच्या पलीकडे गेली होती. मोबाईलचे कॅमेरे पंधरा वर्षांपासून फोटो आपणहून 'सुधारत' होते. सुरकुती दिसली की इस्त्री, नाक वाकडं दिसलं की सरळ. नवे फोटो सोडाच, फोनमध्ये साठवलेले जुने फोटोसुद्धा दर अपडेटला थोडे गोरे, थोडे गोंडस होत गेले. मूळ फोटो कुठे गेला हे कुणी विचारलं नाही, कारण नव्या फोटोत जो तो बरा दिसत होता. पुढे फोटोवरून दोन दिवसांत पुतळा छापून देणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि एकाच तालुक्यातल्या तीन गावांच्या चौकांत तीन सख्खे भाऊ उभे राहिले. प्रत्यक्षात त्यांतले एक कुस्तीचे वस्ताद, दुसरे शिक्षणमहर्षी आणि तिसरे कीर्तनकार होते, आणि हयातीत त्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

पिंपळसोंडच्या दूध संस्थेला हा प्रकार नको होता, म्हणून काम निवासरावांकडे आलं. वर्षभरातलं पहिलंच. संस्थेचे संस्थापक तात्यासाहेब भोगम तीन वर्षांपूर्वी एक्याऐंशीव्या वर्षी वारले होते. त्यांचे शेहेचाळीस फोटो संस्थेनं पाठवले आणि शेहेचाळीसही फोटोंत तात्या गुलाबी गालांचे पंचविशीतले तरुण होते. कागदी अल्बम होते ते महापुरात गेले. तात्या दिसायला कसे होते, याचा पुरावा आता फक्त माणसांच्या डोक्यात होता.

"मग डोक्यातूनच काढू की, मामा," शर्वरी म्हणाली.

शर्वरी ही निवासरावांची भाची. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती नवनवे पदार्थ बनवायची. एका शनिवारी ती तीन बादल्या राखाडी माती, एक बॅटरी आणि एक कॅमेरा घेऊन शेडमध्ये हजर झाली.

ती खरं तर माती नव्हतीच. रव्यापेक्षा बारीक कण, प्रत्येक कणाच्या पोटात चिमुकलं चुंबक आणि त्याहून चिमुकली चिप. विजेचा इशारा मिळाला की कण शेजाऱ्याचा हात सोडतो, जरा सरकतो आणि दुसऱ्याचा धरतो. असे कोट्यवधी कण सरकले की गालाचा खळगा भरतो, हनुवटी पुढे येते. सरकायचं कुठे, हे कळायला समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर कॅमेरा. ओळखीचा चेहरा दिसला की डोळ्यातली बाहुली केसभर मोठी होते. ते आपल्या हातात नसतं. जिभेला खोटं बोलता येतं, बाहुलीला येत नाही. माती आधी कुठलातरी चेहरा धारण करते आणि मग नाक जरा लांबवून बघते. बाहुली मोठी झाली तर बरोबर, नाही तर नाक परत मागे. असं सेकंदाला दहादा विचारत विचारत अर्ध्या तासात ती माणसाच्या आठवणीतला चेहरा बाहेर काढते.

"म्हणजे फोटो नकोच?" निवासरावांनी विचारलं.

"नको. फक्त आठवण असलेला माणूस पाहिजे."

निवासरावांनी चिमूटभर कण बोटांत चुरडले, नाकाशी नेले. "हिला वास न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या मते निकाल लागला होता. पण वर्षातलं एकच काम आणि समोर भाची, त्यामुळे त्यांनी बादल्या आत घेतल्या.

तेवढ्यात वैजयंताबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. शर्वरीनं त्यांनाच स्टुलावर बसवलं. "मामी, कुणाचाही चेहरा मनात आणा. सांगू नका फक्त."

"कुणाचाबी?"

"कुणाचाही."

माती सळसळली. दळणाच्या पिठासारखी खाली बसली, वर आली. आधी कपाळ निघालं, मग दाट केस, मग एक डावी भुवई, जरा वर चढलेली. अर्ध्या तासानं तिथे एका तिशीतल्या पुरुषाचं डोकं होतं. ओठांचा एक कोपरा दातात धरल्यासारखा, आणि नजर अशी की समोरच्या माणसाखेरीज जगात दुसरं काही नाहीच. वैजयंताबाईंच्या गालांवर लाली आली. निवासरावांनी ती लाली पाहिली आणि ते त्या डोक्याजवळ सरकले.

"कोण ह्यो?"

"तुम्हीच ओळखा. तीस वर्सं लोकांची तोंडं करताय न्हवं?" वैजयंताबाईंनी डबा तिथेच ठेवला आणि पदर खोचून निघून गेल्या.

त्या दिवसापासून निवासरावांचं अन्न गोड लागेना. तो कोण? सर्वांत वाईट म्हणजे त्याला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. योगवर्गातला देसाई? सोलरची दुरुस्ती करायला यायचा तो पोरगेला माणूस? त्यांनी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या माहेरी शेजारी कोण ऱ्हायचं गं?"

"एक म्हातारी. मिशा होत्या तिला. पण ह्यो ती न्हवं," वैजयंताबाई म्हणाल्या आणि त्यांनी आमटी वाढली.

निवासरावांनी आपल्या लग्नाचे फोटो काढून पाहुणेमंडळी तपासली. सगळ्याच पुरुषांना एकच नाक होतं. खुद्द निवासरावांना लग्नात टक्कल नव्हतं एवढंच फोटोवरून सिद्ध होत होतं. शेवटी त्यांनी ते डोकं फळीवर ठेवलं आणि त्यावर ओलं गोणपाट टाकलं. या मातीला ओल लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्याचं तोंड झाकायला काहीतरी कारण हवंच होतं.

रविवारी पिंपळसोंडची अकरा माणसांची कमिटी आली. पुढे संस्थेचे अध्यक्ष जालिंदर भोगम, तात्यांचे पुतणे. त्यांच्या उजव्या गालावर वाटाण्याएवढी चामखीळ होती आणि ती त्यांच्याआधी खोलीत शिरायची. मागे सेक्रेटरी, आणि सर्वांत शेवटी तात्यांच्या पत्नी हौसाकाकी, नातसुनेचा हात धरून.

"पहिला मान अध्यक्षांचा," म्हणून जालिंदर स्वतःच स्टुलावर बसले. माती सळसळली. अर्ध्या तासानं ते टाळी वाजवून उठले. "हे आमचे तात्या! डिट्टो! अंगावर काटा आला बघा."

स्टँडवर जालिंदर भोगम होते. नाक त्यांचं, जबडा त्यांचा, एवढंच काय, चामखीळही त्यांचीच.

सेक्रेटरींनी दोनदा खाकरून घेतलं. त्यांचा मुलगा संस्थेत नोकरीला होता. "चेहरा बोलका हाय," ते म्हणाले. "घराण्याची छाप हाय. फक्त ते तात्यांचं... म्हंजे चामखीळ तेवढी डाव्या गालावर आलीय."

शर्वरीनं निवासरावांच्या कानात सांगितलं, "माणसाला सगळ्यांत ओळखीचा चेहरा स्वतःचाच असतो, मामा. बाहुली त्यालाच फसली. आणि आपण स्वतःला आरशातच बघतो ना, म्हणून उलटा निघाला."

दहा जण माना डोलवत होते. मॉडेल पास व्हायच्या बेतात होतं. तेवढ्यात हौसाकाकी काठी टेकत पुढे आल्या, पुतळ्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "जालिंदर, ह्यो तर तू हाईस की रं."

आता कुणी काही बोलायच्या आत शर्वरीनं तोड काढली. सगळ्यांनाच एकदम समोर बसवू, मशीन सरासरी काढेल. अकरा जण दाटीवाटीनं बसले. माती पाऊण तास घोळ घालत राहिली आणि शेवटी एक अतिशय देखणा, गुळगुळीत, काहीच न सांगणारा चेहरा बाहेर आला. अकरा माणसांची सरासरी काढली की सगळ्यांचे खाचखळगे एकमेकांना बुजवतात, उरतो तो साबणाच्या जाहिरातीतला माणूस. तालुक्यातल्या त्या तीन भावांना चौथा भाऊ झाला होता.

"आता काकींना बसवू," निवासराव वैतागून म्हणाले. "एकट्यांना."

हौसाकाकी बसल्या. त्यांनी मशीनकडे लक्षच दिलं नाही. कुणीतरी बाहेरून घरी यायची वाट बघावी तशा त्या बघत राहिल्या. मातीनं या वेळी फार चाचपडलं नाही. कपाळ आलं, डोळ्यांखालच्या पिशव्या आल्या, एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा आला, आणि मग गाल आत गेले, ओठ आत गेले, हनुवटी नाकाला भेटायला वर आली.

तात्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. डोळे मात्र मिस्कील हसत होते.

"ह्येच," हौसाकाकी म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. "झोपायच्या आधी कवळी काढून वाटीत ठेवायचं, आनि म्हनायचं, हौसा, आता खरं बोलतो. दिवसभर मीटिंगा करून आल्यालं मानूस. खरं तेवढं घरात बोलायचं."

कमिटी हादरली. मुख्य चौकात, बसस्टँडसमोर, बारा फुटी बोळके तात्या! जालिंदरांनी तिथल्या तिथे तातडीची सभा घेतली. सेक्रेटरींनी वहीत लिहिलं: ठराव क्रमांक एक, तात्यासाहेबांना दात बसवण्यात यावेत. ठराव बहुमतानं मंजूर झाला.

"बसवा," काकी म्हणाल्या. "चौकात उभं ऱ्हायचं म्हंजे दात लागतीलच. पर डोळं ह्येच ठेवा, बाबा."

निवासरावांनी आठवडाभर काम केलं. काकींच्या आठवणीतलं डोकं समोर ठेवून त्यांनी आपल्या जुन्या, वासाच्या मातीत तात्या उभे केले. दात बसवले, ओठ मिटवले, पण डोळे तेच ठेवले. काम करताना त्यांना एकच गोष्ट छळत होती. साठ वर्षं त्या बाईनं नवऱ्याकडे असं पाहिलं होतं की एक कान मोठा आहे हेही चुकलं नाही. आणि आपली बायको? तीही कुणाकडेतरी अशीच बघत आली होती, आणि तो गोणपाटाखाली बसला होता.

काम उरकलं. दातांच्या ठरावानंतर कमिटीनं सही काकींवर सोपवली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्या मॉडेल पास करायला एकट्याच येणार होत्या. निवासराव शेवटच्या तपासणीला लागले. त्यांची सवय अशी की पुतळ्याकडे पाठ करायची, हातात आरसा धरायचा आणि आरशातून पुतळा बघायचा. रोज बघून बघून डोळा चुकांना सरावतो. आरशात सगळं उलटं झालं की तीच चूक परकी होते आणि ताबडतोब सापडते. पिढीजात युक्ती.

आरशात तात्या बरोबर होते. मागच्या फळीवरून मात्र गोणपाट घसरून पडलं होतं, आणि तिथून निवास कुंभार त्यांच्याकडे बघत होते.

निवासरावांनी झटकन मागे वळून पाहिलं. तोच परका पुरुष. पुन्हा आरशात पाहिलं. मी! तिशीतला मी, दाट केसांचा. जालिंदरांची चामखीळ त्यांच्या डोळ्यांसमोर डाव्या गालावरून उजव्या गालावर गेली. आपण स्वतःला आरशात बघतो, बायको थोडीच आरशात बघते! आठ दिवस आपण आपल्याच जिवावर उठलो होतो. निवासराव एकटेच खो खो हसले. हसता हसता त्यांचं लक्ष त्या चढलेल्या भुवईकडे, दातात धरलेल्या ओठाकडे गेलं, आणि त्यांचं हसू आटलं. माप घेताना ते असाच ओठ चावत.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी वैजयंताबाईंचं डोकं मातीत करायला घेतलं होतं. महिनाभर रोज दुपारी ती समोर बसायची आणि ते बघायचे. नाक झालं, ओठ झाले, डोळे राहिले होते. मग एका मंत्र्याचा पुतळा अर्जंट निघाला. माती कमी पडली. "तुझं काय, उद्या करू," म्हणून त्यांनी ते डोकं मोडलं आणि माती मंत्र्याच्या पोटात भरली. मंत्र्याला पोटही भलतंच होतं. तो उद्या एकोणतीस वर्षांत आला नव्हता. आणि तिच्या आठवणीत नवरा राहिला होता तो त्या महिन्यातला, तिच्याकडे बघणारा.

निवासरावांनी हात धुतले आणि मशीन चालू केलं. आपणही दाखवून देऊ. ते स्टुलावर ताठ बसले आणि त्यांनी बायकोचा चेहरा मनात आणला.

माती सळसळली. अंबाडा आला. कान आले, कपाळ आलं. मग माती अडली. एक नाक काढलं, मिटवलं. दुसरं काढलं, मिटवलं. निवासरावांना तिच्या पावलांचा आवाज आठवत होता, कप ठेवण्याची पद्धत आठवत होती, चिडल्यावर ती भांडी कशी आपटते तेही आठवत होतं. नाक आठवत नव्हतं. एकशे बारा मेलेल्या माणसांची नाकं त्यांना तोंडपाठ होती. पाऊण तासानं मातीनं हात टेकले. अंबाडा आणि कान यांच्या मधे नुसता सपाट गोळा उरला.

"चहा," मागून आवाज आला. वैजयंताबाई किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी गोळ्याकडे पाहिलं. "ह्या कोण?"

निवासरावांना खोटं बोलता आलं असतं. अर्धवट राहिलंय, बॅटरी संपली, काहीही. "तू," ते म्हणाले.

वैजयंताबाईंनी त्या सपाट जागेकडे बराच वेळ पाहिलं. मग नाकाच्या जागी बोट नेलं. "नाक जरा बसकं झालंय," त्या म्हणाल्या. "तेवढं वर घ्या." त्या जायला वळल्या.

"थांब," निवासराव म्हणाले. "उद्या दुपारी मोकळी हाईस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाकाकी आल्या, तात्यांच्या पुतळ्यापुढे घटकाभर उभ्या राहिल्या, नाकाबद्दल चकार शब्द न काढता सही करून गेल्या. दुपारी शेडच्या उत्तरेच्या खिडकीशी वैजयंताबाई स्टुलावर बसल्या. शर्वरीच्या बादल्या झाकून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. निवासरावांचे हात कोपरापर्यंत चिखलात होते.

"मान डावीकडं. थोडी. एवढी नको."

"भाजी गॅसवर हाय."

"करपू दे."

ते बघत होते. उजव्या डोळ्याखाली एक बारीक डाग होता. कधीचा? नाक अजिबात बसकं नव्हतं, मध्यावर किंचित उंच होतं, आणि हे इतक्या वर्षांत आपण कधी बघितलंच नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी एकदा चुकीचं केलं, मोडलं, पुन्हा केलं.

फोन वाजला. हात भरलेले, म्हणून त्यांनी कोपरानंच स्पीकर लावला.

"निवासराव, तात्या पास झालं म्हनं, अभिनंदन!" जालिंदर भोगमांचा आवाज पत्र्यावर घुमला. "आता आमचाबी एक अर्धपुतळा करून टाका. त्या दिवशी चेहरा आवडला बघा आपल्याला. संस्थेच्या निवडणुकीच्या आत पायजे. अर्जंट! आजच हात घाला."

स्टुलावर वैजयंताबाई हलल्या नाहीत. फक्त खिडकीबाहेरची नजर त्यांनी नवऱ्यावर आणून ठेवली. वर्षातलं दुसरं काम होतं ते.

"आज जमायचं न्हाई, अध्यक्ष," निवासराव म्हणाले. "माती शिल्लक न्हाई."

"कुंभाराकडं माती न्हाई? चेष्टा करताय व्हय?"

"हाय तेवढी गुंतलीय," म्हणून त्यांनी कोपरानंच फोन बंद केला, ओठ दातात धरला आणि डावी भुवई वर चढवली.

वैजयंताबाईंच्या ओठांचा कोपरा हलला.

"हलू नको."

"हसू आलं तर?"

"हस की," निवासराव म्हणाले. "पण सावकाश. मला बघू दे."